नळीतला शनी

माझ्या धाकट्या जावेच्या भावाला देवाने प्रत्यक्ष येऊन नोकरी दिली असती, तरी त्याने आधी देवाचं ओळखपत्र मागितलं असतं. नव्वदच्या दशकात फिजिक्स आणि खगोलशास्त्रात एमएस्सी होऊन तो आमच्या कोपरखैरण्याच्या घरी नोकरी शोधायला आला. शोधायला कसला, नोकऱ्यांची उलटतपासणी घ्यायला. 'अनुभवाची अट नाही' अशी जाहिरात दिसली की म्हणायचा, "वहिनी, इथे माणसं टिकत नसणार." बँकेची परीक्षा सोपी गेली, तर स्वारी दोन दिवस अस्वस्थ. वाशीतल्या एका कॉम्प्युटर कंपनीने बोलावून चहा-बिस्किटं दिली, तर म्हणे, "एवढी खातिरदारी? काहीतरी लपवतायत." तिकडे साताऱ्याला वडिलांचं खतांचं दुकान होतं. दिवाळीपर्यंत नोकरी नाही लागली तर मुकाट्याने गल्ल्यावर बसायचं, असं त्यांनी बजावलं होतं.

तेव्हाची मी आठवले की आता नातीसमोर तोंड लपवावंसं वाटतं, इतकी मी स्वतःला हुशार समजायचे. संध्याकाळी तो एक लांबलचक नळी घेऊन सोसायटीच्या गच्चीवर जायचा. म्हणजे हा समोरच्या विंगमधल्या मुली बघणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. एकदा दिवेलागणीला चोरपावलांनी वर गेले. तो शांतपणे म्हणाला, "या वहिनी, शनी बघा." बघितला. इवलासा, पिवळसर, भोवती कडं, आणि इतका सुबक की मला पटेचना. मी नळीच्या पुढच्या तोंडाशी गेले, आत फुंकर मारली, पदराने पुसायला लागले. "चित्र कुठे चिकटवलंयस रे?"

रागवायचं सोडून त्याचा चेहरा उजळला. "वहिनी, इतक्या दिवसांत कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला." त्याने नळी जरा बाजूला वळवली, शनी गायब. परत आणली, शनी हजर. चित्र असतं तर नळीबरोबर फिरलं असतं, हे माझ्यासारख्या शहाणीलाही कळलं. या मुलाला गल्ल्यावर बसवणं बरं नाही, हेही कळलं.

पुढे पुण्याकडे एका मोठ्या दुर्बिणीवर त्याला काम मिळालं, पण वर्षभराच्या करारावर. लगेच साताऱ्याहून वडिलांचा फोन. "ताई, परमनंट हाय का न्हाय, तेवढं सांगा."

"शनी आहे तोवर आहे, अण्णा."

अण्णा म्हणाले, "तुमी म्हणताय तर जाऊ दे त्याला."

वाशीच्या हायवेवर त्याला पुण्याच्या एसटीत बसवायला मीच गेले. पायरीवर पाय ठेवून तो थबकला. "वहिनी, जमेल ना मला?"

"जमेल," मी म्हटलं.

जन्मात पहिल्यांदा त्याने पुरावा मागितला नाही. मान डोलावून आत गेला. गाडी दिसेनाशी झाली तरी मी तिथेच उभी होते. मला तरी कुठे खात्री होती?