हाकेला न वळलेला वाटाड्या

आमच्या वाटाड्याचा फोटो आदल्या दिवशीच मोबाईलवर आला होता. टोपी घातलेला, मिशीवाला, पन्नाशीच्या आतबाहेरचा माणूस, मागे तलाव. खाली त्याचं नाव आणि ‘जंगलाचा खडान्खडा माहितगार’ असं लिहिलेलं. सकाळी सात वाजता साकोलीच्या बसस्टँडवर जो माणूस आमच्यापुढे येऊन उभा राहिला, त्याला टोपी होती, मिशीही होती. तरी मी मोबाईल काढून फोटो पुन्हा पाहिला. फोटोतला माणूस रुंद होता. हा उभट होता.

“काय पाहून रायली?” वहिनीनं विचारलं. ती माझ्या भावाची बायको. मला या सहलीत तिनंच ओढलं होतं.

“हा तो नाही वाटत.”

“फोटोत सगळेच जाडे दिसतात, बाप्पा. निवृत्त झाली ना तू? आतातरी पहारा सोड.”

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तीस वर्षं मी शाळेत शिकवलं आणि त्यातल्या प्रत्येक वर्षी परीक्षेच्या वर्गात पाळत ठेवली. कोणाची बाही जरा जास्त लांब आहे, कोण पाणी प्यायला तीनदा उठतं, हे पाहायची डोळ्यांना सवयच लागलेली. निवृत्तीनंतर ही सवय कुठं ठेवायची, ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही नऊ जण होतो. भंडाऱ्याची एक हौशी मंडळी अशा सहली काढायची. जीपनं डोंगराच्या पायथ्याशी तलावावर उतरायचं, जंगलातून चालत वर जायचं, डोंगरावरच्या जुन्या बंगल्यात मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी खाली यायचं. डोंगर म्हणजे आपल्याकडचा. घाटावरचे लोक त्याला टेकडी म्हणतील. पण बंगल्यापर्यंत गाडी जात नाही, फोन लागत नाही आणि मधल्या जंगलात अस्वलं आहेत.

तलावाच्या पाळीवरून चालायला लागलो, तेव्हा धानाची कापणी होऊन गेलेली होती. बांध्यांमध्ये नुसते ठोंब उरले होते. वाटाड्या पुढं होता आणि छान बोलत होता. पाण्यातली वेल कोणती, बदकं कुठल्या काठाला बसतात, कोणती मासळी थंडीत तळाशी जाते, सगळं सांगत होता. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते. ते त्याच्यावर खूश झाले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी फोटोही काढून घेतला.

मग तलाव मागं पडला, जंगल सुरू झालं आणि तो गप्प झाला.

मी एका झाडाशी थांबले. ऐनाचं झाड होतं. मगरीच्या पाठीसारखी साल असते त्याची. झाडीपट्टीत शाळेतल्या पोरालाही ओळखता येतं.

“भाऊ, हे कोणतं झाड?”

त्यानं झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “जंगलातलं झाड हाय जी.”

साहेब मोठ्यांदा हसले. त्यांना तो विनोद वाटला. मला वाटला नाही.

त्यानंतर मी त्याच्यावरची नजर काढली नाही. वाट फुटली की तो थांबायचा, दोन्हीकडे पाहायचा आणि मग खालून वाहणाऱ्या नाल्याच्या बाजूची वाट धरायचा. निघताना डहाळी मोडून वाटेच्या मधोमध टाकायचा, शेंडा आम्ही आलो त्या दिशेला करून. तीन ठिकाणी त्यानं असं केलं. चौथ्या ठिकाणी मी थांबून ती डहाळी नीट पाहिली. ज्याला वाट ठाऊक आहे, तो परतीच्या खुणा कशाला करेल?

एकदा तो पुढं जाऊन खडकावर चढला आणि पाठमोरा उभा राहून फोन कानाला लावला. मी जवळ गेले तसा फोन खिशात गेला.

“कोणाले लावून रायले होते?”

“घरी जी. नाही लागत.”

मला एका परीक्षेची आठवण झाली. बारावीच्या पेपरला एक मुलगा बसला होता. ओळखपत्र बरोबर, फोटो जवळपास तसाच. मी हजेरी घेताना नाव पुकारलं, तर त्यानं मान वर केली नाही. शेजारच्यानं कोपर मारलं तेव्हा ‘हजर’ म्हणाला. दुसऱ्याच्या नावानं पेपर द्यायला आलेला होता तो.

मी चार पावलं मागं राहिले आणि मोबाईलवर आलेलं ते नाव घेऊन मोठ्यांदा हाक मारली. वाटाड्या चालत राहिला. पुन्हा मारली. नाही वळला.

“ओ भाऊ!” म्हटलं, तर लगेच थांबून वळला. “काय झालं जी?”

“काही नाही. चला.”

वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, तर ती म्हणाली, “ऐकू नसंल आलं.” मी म्हटलं, नाव ऐकू येत नाही आणि भाऊ ऐकू येतं? ती म्हणाली, “तुले ना, देवळातल्या देवावरही शंका येते.”

आता खरं सांगायचं तर पुढच्या तासाभरात माझ्या मनात जे जे आलं, ते आज आठवलं तरी लाज वाटते. याचे साथीदार पुढं दबा धरून बसले असतील. फोन त्यांनाच लावत असेल. खऱ्या वाटाड्याला यानं कुठं ठेवलं असेल? एवढा साधा चेहरा साध्या माणसाचा नसतोच. माझ्या गळ्यातली पोत मी हळूच काढून रुमालात बांधली आणि पिशवीच्या तळाशी घातली. बँकेतले साहेब त्याला “यार, तू तर कमाल आहेस” म्हणत होते, आणि मला त्यांचाही राग येत होता.

बाराच्या सुमारास नाल्याकाठी जेवायला बसलो. पोळ्या, लाखोळीच्या डाळीची भाजी, जवसाची चटणी. तो वेगळा, वरच्या अंगाला पाण्यापाशी बसला होता. मी बाटली भरायचं निमित्त करून तिकडं गेले.

“भाऊ, फोटोतला माणूस कोण हाय?”

तो हात धूत होता. हात तसेच पाण्यात राहिले.

“मोठा भाऊ हाय जी माहा.”

“आणि तो कुठी हाय?”

“तापानं फनफनला. परवापासून. उठताच नाही येत त्याले.” तो माझ्याकडे पाहत नव्हता. “तो म्हने, सांगू फोन करून. मी म्हनलो, नको. एकडाव नाही म्हनलं का ते दुसऱ्याले बोलावतेत, मंग त्याचंच चालू राह्यते. म्हनून मी आलो.”

“तुमाले वाट माहीत हाय?”

त्यानं ओले हात सदऱ्याला पुसले.

“मी काय विचारून रायली?”

“एकडाव गेलो जी बंगल्यावर. लहान होतो. बाबा मासळी घेऊन जात होता साहेब लोकाईसाठी, त्याच्या संगं गेलो होतो. हा नाला बंगल्याखालूनच निंगते. पान्याच्या काठानं गेलं का पोचतेच मानूस.”

“तुम्ही काय करता?”

“तलावात मासळी धरतो जी. ठेका हाय आमच्या संस्थेचा.”

मी त्याच्यासमोर उभी होते आणि मला दोन गोष्टी एकदम वाटत होत्या. एक, याच्या कानशिलात द्यावी. नऊ माणसं, त्यात तीन म्हातारी, अस्वलांच्या जंगलात हा अंदाजानं घेऊन चालला होता. दुसरी, सकाळपासून मी याला काय काय ठरवून बसले होते! आणि हे तरी खरं कशावरून? ताप, भाऊ, बाबा, मासळी. गोष्ट जरा जास्तच नीट बसत होती.

घड्याळ पाहिलं. मागं फिरायचं तरी जवळपास पुढं जायचं होतं तेवढंच अंतर होतं.

“तीन वाजेपर्यंत,” मी म्हटलं. “तीन वाजेपर्यंत बंगला दिसला नाही, तर मी सगळ्याईले सांगते आणि आपण वापस फिरतो.”

“हव जी,” तो म्हणाला.

पुढचं सगळं अंतर मी त्याच्या पाठोपाठ चालले. दीड तासानं नाला दोन फाट्यांत फुटला. दोन्हीकडे नुसती वाळू आणि गोटे, पाण्याचा थेंब नाही. तो खाली बसला. उजव्या फाट्यातले चार दगड उलटले, मग डाव्यातले. डावीकडच्या एका दगडाखाली ओल होती आणि अंगठ्याएवढा खेकडा होता.

“इकडून,” तो हळूच मला म्हणाला. “इथं पानी आटत नाही. बंगला बारमाही पान्यावरच बांधला असंल ना जी?”

साहेबांना वाटलं तो खेकडा दाखवतोय. त्यांनी खेकड्याचाही फोटो काढला.

त्याचं म्हणणं मला पटलं आणि तरीही भीती वाटत राहिली. भीती खोटी नव्हती. अर्ध्या तासानं आम्ही एका कड्याखाली येऊन अडकलो. वर चढायला जागा नाही, दोन्ही बाजूंनी बांबूचं दाट रान. साहेबांनी पुढं होऊन चढायचा प्रयत्न केला, पाय घसरला आणि तळहात चांगलाच सोलवटला. कोणीतरी विचारलं, “वाट चुकलो का?” वाटाड्यानं माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. तीनला दहा मिनिटं होती.

मी बोलले नाही. तो खाली उतरून बांबूच्या कडेकडेनं गेला, दिसेनासा झाला. तो आता परत येत नाही असं मी धरूनच चालले होते. तीन वाजले. तीन वाजून गेले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो आला. अंगावर ओरखडे होते.

“धूर दिसून रायला जी,” तो म्हणाला. “चुलीचा.”

बंगल्याच्या ओट्यावर पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. कौलारू, जाड भिंतींचा, समोर आवळ्याचं झाड. चहाचा वास येत होता. सगळे पायऱ्यांवर धपाधप बसले. तिथला चौकीदार, पिकल्या केसांचा माणूस, पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आला आणि वाटाड्याला पाहून थबकला.

“अरे, तू कायले आला? तुहा भाऊ कुठी हाय? तुले कुठी माहीत हाय इकडची वाट?”

झालं. सगळं दोन मिनिटांत उघडं पडलं. मला वाटलं होतं, साहेब हसण्यावारी नेतील. दिवसभर सगळ्यांत जास्त विश्वास त्यांनीच टाकला होता. पण तेच सगळ्यांत आधी उठले.

“फसवलं तू आम्हाला! जीव गेला असता माझा!” सोललेला हात ते त्याच्या तोंडापुढं नाचवत होते. “पोलिसात देतो तुला!”

तो ओट्याखाली उभा होता, टोपी हातात धरून.

“साहेब, दुपारपासून मले माहीत होतं,” मी म्हणाले.

माझी कल्पना होती की यानं वातावरण निवळेल. उलट सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आठ जोडी डोळे. ती नजर मी ओळखते. तीस वर्षं ती माझीच होती.

“माहीत होतं?” साहेब म्हणाले. “मग बोलल्या का नाही? तुमचं काय होतं त्यात?”

“मले तरी सांगायचं होतं,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला.

मी सांगायचा प्रयत्न केला. तीन वाजेपर्यंतची मुदत, परतीचं अंतर, खेकडा. सांगताना मलाच ते लंगडं वाटत होतं. माझ्या जागी दुसरं कोणी हे सांगत असतं, तर मीही मानलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीदारानं आम्हाला खाली आणलं, चांगल्या रुंद वाटेनं, अडीच तासांत. वाटाड्या सगळ्यांच्या मागं होता. कोणी त्याच्याशी बोललं नाही. माझ्याशीही फारसं कोणी बोललं नाही.

साहेबांनी सहल काढणाऱ्या मंडळींकडे लेखी तक्रार केली आणि सह्यांसाठी कागद घरोघर फिरवला. माझ्याकडे आला तेव्हा मी तो उत्तरपत्रिकेसारखा वाचला. त्यात लिहिलं होतं की त्या माणसानं मुद्दाम वाट चुकवली, आणि तो उद्धटपणे वागला. ही दोन वाक्यं मी खोडली. बाकीचं खरं होतं. बाकीच्याखाली मी सही केली. साहेबांना खाडाखोड आवडली नाही आणि सही केली हे मला स्वतःला आवडलं नाही. पण दुसऱ्यांदा विचारलं असतं, तरी मी तेच केलं असतं. त्या दिवशी कोणाचा पाय मोडला असता तर?

मोठ्या भावाचं नाव त्या मंडळींनी यादीतून काढलं. मला हे वहिनीकडून कळलं, तेही महिन्याभरानं. तोवर ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर साकोलीच्या बाजारात तो मला दिसला. गोणपाटावर मासळी मांडून बसला होता. मी वळून जाणार होते, पण त्यानंच हाक मारली.

“बाई, या जी. ताजी हाय.”

मी उभी राहिले. “भाऊ कसा हाय तुमचा?”

“बरा हाय आता. तलावावरच येते माह्या संगं.”

“त्या कागदावर माही सही होती,” मी म्हटलं. “माहीत हाय ना?”

“माहीत हाय.” तो मासळीवर पाणी शिंपडत होता. “भावाले बोलावून दाखवला कागद त्याईनं. तो म्हने, दोन ओळी कोनं तरी खोडल्या.” मग जरा थांबून म्हणाला, “राग तर आला जी. नाही कायले म्हनू?”

मी मान हलवली. एक मासा उचलला, कल्ला वर करून आतला रंग पाहिला. लाल होता. मग दुसऱ्याचाही पाहिला.

“पाहा जी, पाहा,” तो म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला. “सगळ्याईचे पाहून घ्या.”

मी सगळ्यांचे पाहिले. एक किलो घेतले. त्या दिवशी वहिनीला जेवायला बोलावलं. मासळी कोणाकडून आणली, ते तिला वाढायच्या आधीच सांगून टाकलं. तिनं ताट जरा माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, “रस्सा वाढ.”