पूजेला बसणारं जोडपं

आनंद व्हायला काही कारण लागतं, हे आमच्या शेजारच्या काकांना आजवर कोणी सांगितलेलंच नाही. डोंबिवलीच्या आमच्या इमारतीत नळाला जोरात पाणी आलं तरी ते मजल्यावर पेढे वाटतात. घोडबंदर रोडला राहणारी त्यांची लेक एकदा कुठेही ट्रॅफिकमध्ये न अडकता पोहोचली, तर तिच्या खांद्यावरची बॅग उतरायच्या आत त्यांनी तिला ओवाळलं. मागे त्यांनी लिफ्टचा वाढदिवस केला. "वर्षभर कोणाला अडकवलं नाही तिने, कौतुक नको करायला?" म्हणत दाराला झेंडूचं तोरण बांधलं, ते तोरण दारात अडकलं आणि लिफ्ट बंद पडली. आत काका स्वतःच होते. सुटका झाल्यावर हसत बाहेर आले. "पंखा चालू होता हो आत!" असा माणूस शेजारी असला की चिडायची सोयच राहत नाही, आणि मला तर चिडायला मनापासून आवडतं.

सव्वीस जानेवारीला सोसायटीचा सत्यनारायण असतो. काकू होत्या तोवर पूजेला दरवर्षी हेच दोघं बसत. यजमान पळीने पाणी सोडतो तेव्हा बायकोने त्याच्या हाताला हात लावायचा असतो. काकू तो लावत आणि "सावकाश, सांडतंय सगळं" असं पुटपुटत. काकू गेल्या आणि काकांचं पूजेला बसणं संपलं. तेव्हापासून दरवर्षी जोडपं शोधायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. यंदा मात्र कोणीच मिळेना. कोणाला मांडी घालून बसता येत नव्हतं, कोणी सुट्टीला जोडून अलिबागला निघालेलं. शेवटी काका मला सोबत घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले आणि निनाद-संकेतच्या दाराची बेल वाजवली.

हे दोघं तिथे भाड्याने एकत्र राहतात. त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर जिन्यात कुजबुज चाले. दोघं दिसले की ती थांबे, आणि ते थांबणंच त्यांना जास्त लागत असावं. कंटाळून ते ठाकुर्लीकडे दुसरी जागा बघत होते. काकांनी दारातच विचारलं, "पूजेला जोडपं हवंय. बसाल का?"

संकेत गोंधळला. "काका, लोकं काय काय बोलतील, माहितीये ना?"

"बोलतील की. पण तोंडात शिरा असताना माणसाला फारसं बोलता येत नाही."

पूजेच्या दिवशी दोघं नवे झब्बे, टोप्या घालून चौरंगापुढे बसले. आमच्या सेक्रेटरीबाई, म्हणजे जिन्यातल्या कुजबुजीच्याही सेक्रेटरी, गुरुजींना म्हणाल्या, "अहो, दोघं पुरुष कसे चालतील?" गुरुजींना पुढे अजून तीन सोसायट्या उरकायच्या होत्या. त्यांनी मुलांनाच विचारलं, "आंघोळ झालीय? उपाशी आहात? मग करा आचमन."

पूजा सुरू झाली. निनादने पळी उचलली आणि मांडवातली कुजबुज एकदम थांबली. गुरुजी पोथीतून मान वर न करता म्हणाले, "हाताला हात लावा." संकेतचा हात मांडीवरच राहिला. एरवी चारचौघांत हे दोघं एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून चालायचे, आणि आता अख्खी सोसायटी समोर होती.

मागून काकांचा आवाज आला, "लाव रे बाळा. तसंच असतं."

संकेतने हात लावला. पाणी सुटलं. मग सेक्रेटरीबाईंना राहवलं नाही. "अरे निनाद, त्याची टोपी वाकडी झालीये, सरळ कर ना!" एवढ्या प्रेमाने त्या स्वतःच्या नवऱ्यावरही कधी खेकसल्या नसतील. सगळा मांडव हसला आणि निनादने टोपी सरळ केली.

ठाकुर्लीकडे जागा बघणं मग त्यांनी सोडून दिलं. त्या आनंदात काकांनी पेढे वाटले, आणि मी कुरकुर न करता दोन खाल्ले. जग असंच थोडं थोडं सैल होत जावं, असं मला फार वाटतं.

पण संकेतने हात लावला तेव्हा मी मागे वळून काकांकडे पाहिलं होतं. ते खांबाला टेकून उभे होते. उजवा हात पळी धरल्यासारखा पुढे केलेला, आणि त्या हाताला त्यांनी स्वतःचाच डावा हात लावला होता.