अठ्ठेचाळीस बाय छत्तीस

लग्न होऊन अमेरिकेत आले तेव्हा माझ्याकडे पुण्याची मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. होती आणि नोकरी करता येणार नाही असा व्हिसा होता. नऊ वर्षं घरात गेली. ग्रीन कार्ड आल्यावर हर्नडनजवळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम मिळालं, आणि दुसऱ्याच वर्षी माझ्या छोट्याशा अभ्यासाचं पोस्टर एका परिषदेत लावायचं ठरलं. लॅबमध्ये सगळ्यांना ती किरकोळ गोष्ट वाटत होती. मला नव्हती वाटत.

पोस्टर प्रेझेंटेशनच्या सॉफ्टवेअरमध्येच करतात, एक स्लाइड घ्यायची आणि सगळं त्यात बसवायचं, एवढं एका सहकारी बाईंनी सांगितलं होतं. मी नेहमीची रुंद स्लाइड उघडली आणि तीन आठवडे त्यात तक्ते, फोटो, मजकूर लावत बसले. त्या स्लाइडचं माप आधी ठरवायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

परिषद मंगळवारी होती. शनिवारी सकाळी दहा वाजता प्रिंटिंगच्या दुकानातून फोन आला. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की मी अठ्ठेचाळीस इंच रुंद आणि छत्तीस इंच उंच पोस्टर मागवलंय, पण माझी फाइल त्या मानाने फार पसरट आहे. तशीच छापली तर वर-खाली पांढरे पट्टे राहतील. नवी फाइल तीनच्या आत आली तर सोमवारी पोस्टर मिळेल, नंतर आली तर नाही.

नवरा कामासाठी फ्रिस्कोला गेला होता. घरात मी आणि नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेले सासरे, म्हणजे बाबा. मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला आणि घाईघाईत स्लाइड साइजमध्ये जाऊन तयार मापांतलं चारास तीन प्रमाणाचं माप निवडलं. सॉफ्टवेअरने विचारलं, मजकूर मोठा ठेवायचा की मावेल एवढा लहान करायचा? लहान कशाला, म्हणून मी मोठा ठेवला. डावीकडचा आणि उजवीकडचा रकाना अर्धा स्लाइडबाहेर गेला. मागे येऊन दुसरा पर्याय घेतला. सगळं आत आलं, पण बारीक होऊन मधोमध बसलं आणि वर-खाली नुसती मोकळी जागा. मग मी सगळं एकदम निवडलं आणि वरून धरून ओढलं.

तेवढ्यात सासरे चहाचा कप ठेवायला आले आणि मागे उभे राहिले.

"या बश्या अशा लांबट काऊन झाल्या?" त्यांनी विचारलं.

त्या बश्या म्हणजे जंतू वाढवायच्या काचेच्या गोल प्लेट्स, माझ्या सगळ्या कामाचा पुरावा. त्या अंड्यासारख्या झाल्या होत्या. मला रडू आलं. सासऱ्यांसमोर रडायची ती पहिलीच वेळ. मी जमेल तसं सांगितलं, माप चुकलंय, तीन वाजेपर्यंतच वेळ आहे, तीन आठवड्यांचं काम वाया गेलं.

ते पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर टाक्यांचे आणि पाइपलाइनचे नकाशे काढले. माझ्या कामाबद्दल त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी किराणा दुकानाच्या जाहिरातीचा कागद उलटा केला, पेन्सिल मागितली आणि फूटपट्टी. पाव सेंटीमीटर म्हणजे एक इंच, असं धरून बारा बाय नऊचा चौकोन काढला. त्यात माझा मजकूर जेवढा बसत होता तेवढा दुसरा चौकोन आखला.

"उंचीत सत्तावीस इंच तुझं भरलेलं आहे," ते म्हणाले. "नऊ इंच जागा तुला जास्तीची मिळाली. वाया काही नाही गेलं."

मग त्यांनी विचारलं, यात सगळ्यात महत्त्वाचं काय आहे. मी इंग्रजीत सुरू केलं, थांबले, आणि पहिल्यांदाच ते सगळं मराठीत सांगितलं. पेशंटचे नमुने वॉर्डात तसेच पडून राहिले की रिपोर्ट चुकतो. आम्ही नमुने न्यायच्या वेळा बदलल्या आणि चुका कमी झाल्या. बस, एवढंच. ते लक्ष देऊन ऐकत होते. नंतर स्क्रीनवरच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मग हे एवढुसं काऊन लिहिलं?"

चुका कमी झाल्याचं ते वाक्य खरंच मी तळाशी बारीक अक्षरात टाकलं होतं. जागा नव्हती हे एक कारण. ते ठळक लिहायला मी बिचकत होते, हे दुसरं.

ओढलेलं सगळं मी मागे घेतलं. प्लेट्स परत गोल झाल्या. मजकूर लहान होऊन आत बसलेलाच ठेवला. शीर्षक वरच्या पट्टीत गेलं, तक्ते फक्त कोपऱ्याला धरून, आकार न बिघडवता मोठे केले, आणि ते वाक्य सरळ मधोमध आणलं. बाबा कागदावर चौकोन सरकवत होते, मी स्क्रीनवर. एकदा त्यांचं माप चुकलं, एकदा माझं. मध्ये त्यांनी खिचडीचा कुकर लावला, शिट्ट्याही त्यांनीच मोजल्या.

दोन वाजून दहा मिनिटांनी फाइल पाठवली. वीस मिनिटांनी दुकानातल्या बाईंचा फोन आला. माप बरोबर आहे, आता छापतो, असं म्हणाल्या. फोन ठेवल्यावर माझे खांदे खाली आले, तेव्हा कळलं की सकाळपासून ते कानापर्यंत चढलेले होते. भूक लागली. आम्ही दोघांनी खिचडी खाल्ली, लोणचं संपवलं, आणि त्या दुपारी मी दोन तास गाढ झोपले.

मंगळवारी पोस्टर बोर्डवर नीट बसलं. चारी कोपऱ्यांना पिना लावल्या, कुठे काही उरलं नाही. थोड्या वेळाने एक वयस्कर नर्स येऊन थांबली, मधलं वाक्य वाचलं, आणि आमच्याकडेही नमुने असेच पडून राहतात म्हणाली. नव्या वेळा वॉर्डातल्या लोकांच्या गळी कशा उतरवल्या, ते तिने विचारलं. मी तिला सांगायला लागले, आणि कितीतरी वेळ बोलत राहिले.