स्टिअरिंगवरची पाटी

माझं माहेर आणि सासर एकाच गावात, मधे फक्त एक ओढा. त्यामुळे चार दिवस माहेरी जाऊन लोळायचं सुख मला कधी मिळालं नाही. उलट ओढ्यापलीकडून तात्यांची हाक आली की तव्यावरची भाकरी सासूबाईंच्या हवाली करायची आणि पाना धरायला पळायचं. तात्या म्हणजे माझे वडील. सैन्यात गाड्यांचे मिस्त्री होते. उभी नोकरी मिलिटरीच्या गाड्यांखाली आडवं पडून केली आणि पेन्शनीत आल्यावर, आता तरी उभे राहतील म्हणावं, तर नगरला जुन्या लष्करी गाड्यांचा लिलाव निघाला आणि एक पिकअप घेऊन आले.

समोरून जीप, मागून छोटा ट्रक, रंग शेवाळी. चारही चाकं ओढणारी. पेट्रोल इतकं प्यायची की आई म्हणायची, हिच्यापेक्षा हत्ती बरा, निदान ऊस खाऊन राहतो. शेवगावच्या बाजारात उभी केली की लोक वाट सोडून बाजूला व्हायचे आणि मागून हसायचे. पण पावसाळ्यात कुणाचा ट्रॅक्टर रुतला, कुणाची बैलगाडी चिखलात बसली की तेच लोक दारात यायचे. तात्या दोरखंड घेऊन निघायचे, गाडी एक हुंकार द्यायची आणि रुतलेलं बाहेर. त्या दिवशी त्यांना भाकरी दोन घास जास्त जायची.

सैन्यातली शिस्त त्यांनी कडुनिंबाखाली जशीच्या तशी मांडली होती. सकाळी चहा झाला की ‘फर्स्ट परेड’. म्हणजे ऑइल बघायचं, हवा बघायची, पंख्याचा पट्टा दाबून बघायचा, पाणी भरायचं. आणि संध्याकाळी रेडिएटरच्या खालची तोटी सोडून सगळं पाणी पत्र्याच्या डब्यात काढून घ्यायचं. उत्तरेला बर्फात नोकरी करताना हे रोज करावं लागे, नाहीतर रात्रीत पाणी गोठून इंजिनाला तडा जायचा. आमच्याकडे मार्चपासून टँकरची वाट बघतात, इथे कसला बर्फ. पण सवय ती सवय. आई म्हणायची, “हितं प्यायला पानी न्हाई, आन ह्यांच्या गाडीला बर्फाचं भ्या.” तात्यांचं उत्तर तयार असायचं. रेडिएटर म्हातारा झालाय, रात्रभर पाणी धरून ठेवायचं त्याच्या जिवावर येतं, म्हणून थेंब वाचवतो.

पाणी काढलं की स्टिअरिंगला एक पाटी अडकवायची. तळहाताएवढा पत्रा, लाल रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरात ‘पाणी नाही’. सकाळी पाणी भरलं की पाटी काढून खिळ्याला. स्टिअरिंगला पाटी नाही म्हणजे पाणी आहे, डोळे झाकून चावी मारा. “मानूस इसरतो, पाटी इसरत न्हाई,” हे ते मला परकर नेसायच्या वयापासून सांगत आलेले. काहीही विसरणं त्यांना माणसाचा कमीपणा वाटायचा. मी शाळेत डबा विसरले तरी चेहरा असा करायचे की मी बंदूकच हरवून आले.

त्या वर्षी खंडेनवमीला गाडी पुजायची होती. मी संध्याकाळी गेले, केबिन पुसली, झेंडूची माळ ओवली. माळ घालायला गेले तर स्टिअरिंगवर ती पाटी. आमच्या कोरड्या मुलखात, सणाच्या दिवशी, हळदीकुंकू लावलेल्या गाडीवर ‘पाणी नाही’ असं लिहिलेलं? माझ्या मनाला ते अजिबात पटेना. मी पाटी काढली, सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत ठेवली आणि तिच्या जागी माळ अडकवली. तात्यांना सांगायचं होतं, पण आईनं कढईजवळ बोलावलं आणि राहूनच गेलं. शिकवते मी चौथीच्या पोरांना, ‘करायच्या आधी विचारावं’ असं.

पुजलेल्या गाडीला दसऱ्याला सुट्टी, परेडसुद्धा नाही; ती जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच आरडाओरडा. ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा ट्रॅक्टर ओढ्यात फसला होता. दोन ट्रॉल्या, त्यावर बाजा, भांडी, कोंबड्या, लेकरं. तात्यांचा चहा अजून बशीत होता, परेड व्हायची होती. ते तसेच उठले, स्टिअरिंग पाहिलं. पाटी नाही, नुसती माळ. सणाच्या गडबडीत पाणी काढलंच नसेल असं धरून त्यांनी चावी मारली.

मी अलीकडच्या काठावर उभी होते. गाडीनं ट्रॅक्टर हलवला, वीतभर ओढला, परत बसला, परत ओढला. ट्रॅक्टरच्या धुरात आमच्या गाडीचा करपल्याचा वास कुणाला कळणार? शेवटी ट्रॉल्या काठाला लागल्या, लेकरांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच वेळी गाडीच्या पोटात काहीतरी करकरलं आणि ती बंद पडली. तात्या खाली उतरले, हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण काढलं. वाफसुद्धा आली नाही. आत ठणठणीत कोरडं.

मला तेव्हाच सगळं समजलं. तोंड उघडायला हवं होतं. पण पन्नास माणसं उभी होती आणि तात्या रिकाम्या रेडिएटरकडे बघत म्हणाले, “मीच इसरलो. पानी काढलं आन पाटी लावायची इसरलो.” टोळीचा मुकादम म्हणाला, वय झालं की व्हायचंच, बाबा. तात्यांनी मान डोलावली. ती मान डोलावलेली मला आजही सहन होत नाही.

घरी गेल्यावर सांगू, म्हटलं. घरी गेल्यावर उद्या सांगू, म्हटलं. आणि उद्या आला तेव्हा तात्या बदललेले होते. गाडी बैलांनी ओढून आणून कडुनिंबाखाली उभी केली, वर ताडपत्री टाकली आणि तिकडे फिरकायचे बंद झाले. मोटारसायकल शेजाऱ्याला चालवायला देऊन टाकली. रात्री दोनदा उठून गॅस बंद आहे का बघायचे. आईला विचारायचे, मी गोळी घेतली का गं? आई हो म्हणाली तरी पाकिटातल्या गोळ्या मोजायचे. ज्यानं आयुष्यभर स्वतःवर एवढा भरवसा ठेवला, त्याचा तो माझ्या एका माळेनं गेला होता. मला स्वतःची शरम वाटत होती आणि शरमेनंच तोंड शिवलं होतं. दिवस जात होते तसं ते सांगणं जड होत चाललं होतं.

मग एका शनिवारी आई म्हणाली, सोमवारी भंगारवाला यायचाय, गाडी द्यायची म्हणतात. “म्हन्ले, मिस्त्रीच बिघडला, आता गाडी ठिऊन काय करायचं.”

रविवारी सकाळी मी ओढा ओलांडला. ताडपत्री वर केली, सीटखालची पेटी उघडली. पाटी तिथेच होती, झेंडूच्या दोन सुकल्या पाकळ्या चिकटलेली. ती नेऊन तात्यांच्या पुढ्यात ठेवली.

“तात्या, पाटी तुमी इसरला नव्हता. मी काढली हुती. खंडेनवमीला.”

त्यांनी पाटी उचलली, उलटी करून पाहिली. “कशापायी?”

“सणाच्या दिवशी ‘पाणी नाही’ लिहिलेलं बरं दिसंना.”

“आन ह्ये आज सांगतीस?”

मग जे सुरू झालं ते अर्धा तास चाललं. मराठी संपल्यावर फौजेतली हिंदी काढली. चाळिशीतली बाई, शाळेची मास्तरीण, पण भिंतीला टेकून उभी राहिले. आई मधे पडायला आली तर तिलाही दोन शब्द मिळाले. मी रडत होते, पण आतून इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, कारण आवाज तात्यांचा होता, जुना, पूर्ण ताकदीचा. शेवटी दम लागला तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, “उभी काय ऱ्हायलीस? बारा-तेराचा पाना आन.”

भंगारवाला सोमवारी आला आणि चहा पिऊन गेला. तो सगळा हिवाळा आम्ही बापलेकीनं गाडीखाली काढला. शाळा सुटली की मी थेट तिकडे. इंजिनाचं हेड तापून वाकडं झालं होतं, ते नगरला नेऊन मशीनवर सपाट करून आणलं. व्हॉल्व्ह मात्र घरीच घासले. काठीच्या टोकाला व्हॉल्व्ह धरून तळहातांत रवीसारखी फिरवायची, एकेक तासभर. मला ताक घुसळायची सवय, तात्यांपेक्षा माझा हात चांगला बसला. ते त्यांनी कबूल केलं नाही, पण उरलेले व्हॉल्व्ह गुपचूप माझ्याकडे सरकवले. हात डिंकाच्या लाडवांना लावायचे नाहीत म्हणून आई दोघांनाही भरवायची. लग्नानंतर मला माहेरपण मिळालं ते त्या चार महिन्यांत, ग्रीसच्या वासात.

शिवरात्रीच्या सुमाराला गाडी सुरू झाली. तात्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, “तिसऱ्या व्हॉल्व्हचं जरा बोलतंय, पन चालंल.”

त्याला आता काही वर्षं झाली. गाडी क्वचितच बाहेर निघते, पण सकाळची परेड आणि संध्याकाळचं पाणी चुकत नाही. तात्या चुकतात. आता ते खरंच विसरायला लागलेत. कधी पाणी काढतात आणि पाटी देवघरात ठेवतात, कधी ती त्यांच्या कोपरीच्या खिशात सापडते. म्हणून शाळेत जायच्या आधी मी रोज ओढा ओलांडते आणि झाकण उघडून आत बोट घालून बघते.

परवा बघितलं तर रेडिएटर कोरडा आणि स्टिअरिंग मोकळं. पाटी तुळशीपाशी पडलेली. मी ती उचलत होते तेवढ्यात तात्या चहाची बशी घेऊन बाहेर आले आणि जागीच थांबले. त्यांच्या तोंडावर तो ओढ्यातला चेहरा यायला लागला होता.

“तात्या, मीच काढली,” मी म्हटलं. “पुसायला घेतलेली.”

त्यांचा चेहरा सैल झाला. मग कपाळाला आठ्या आल्या, आणि आवाज चढला. “किती येळा सांगायचं तुला? मानूस इसरतो, पाटी इसरत न्हाई. तू कदी सुदरनार हाईस?”

“चुकलं, तात्या,” मी म्हटलं, आणि त्यांचं बोलून होईपर्यंत मान खाली घालून उभी राहिले.