भास्करचा लॉनमोवर चालू होईना तेव्हा

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. शनिवारी सकाळीच एव्हरशाईन सिटीतून भास्करचा फोन... गवत कापायचं मशीन चालू होत नाही, असशील तसा ये.

भास्कर माझा गिरीज गावचा मित्र. घरची केळीची वाडी, पण त्या वर्षी त्याने एव्हरशाईनमधल्या एका सोसायटीच्या बागेचं काम धरलं होतं. रविवारी लॉनवर सत्यनारायण. सेक्रेटरींनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत गवत कापलं नाही तर सोमवारपासून दुसरा माळी.

इंजिनाचं काम मी कुठल्या कोर्समध्ये शिकलो नाही. उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकलो... म्हणून अंदाजाने पार्ट बदलणं मला पटत नाही. भास्करने मात्र नवा प्लग आधीच घातला होता, आणि दोरी ओढून ओढून खांदा धरून बसला होता.

मी क्रमाने गेलो. प्लग काढून इंजिनाला टेकवला, ठिणगी निळी आणि जाड. टोक ओलं, म्हणजे पेट्रोलही पोचतंय. एअर फिल्टर साफ, चोक व्यवस्थित. तरी पेटेना.

शेवटी माझ्या स्कूटरमधलं चमचाभर पेट्रोल प्लगच्या भोकातून आत सोडलं. पहिल्याच ओढीला इंजिन उठलं... आणि पांढरा धूर सोडत लगेच विझलं.

म्हणजे घोळ टाकीतल्या इंधनातच. मग कार्बोरेटरमधलं थोडं तळहातावर घेतलं. पेट्रोल असतं तर गार लागून उडून गेलं असतं. हे तेलकट होऊन तसंच राहिलं. वास घेतला... रॉकेल.

भास्कर शपथेवर सांगत होता, मी पेट्रोलच घालतो. त्याचे वडील, अण्णा, कालचं कापलेलं गवत गाईंसाठी न्यायला आले होते. कठड्यावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "रॉकेल मी घालतो ना, रोज संध्याकाळी. वाडीतला पंप नाय का, पेट्रोलवर उठवायचा आनि रॉकेलवर चालवायचा? पोराचं पेट्रोल वाचतं."

पंपाची रचनाच तशी असते. या मशीनची नाही. टाकीत पेट्रोल जास्त होतं तोवर निभावलं; रॉकेल वाढल्यावर गरम असताना कसंबसं ओढायचं, पण एकदा गार झालं की उठायचं नाव नाही. मी अण्णांना तेवढंच समजावलं.

टाकी आणि कार्बोरेटर रिकामं केलं, प्लग पुसला. रॉकेलने पातळ झालेलं इंजिन ऑइलही बदललं, ताजं पेट्रोल भरलं. दुसऱ्या ओढीला सुरू.

"मग मी आता काय करू?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही फक्त गवत न्या, अण्णा," भास्कर म्हणाला, आणि तिघेही हसलो.

संध्याकाळी सेक्रेटरी चपला काढून कापलेल्या लॉनवर एक फेरी मारून गेले. जाताना म्हणाले, सोमवारी कुंड्यांचंही बघा. भास्करने माझा हात किती वेळ सोडलाच नाही.

बापाने मुलासाठी केलेली काटकसर होती ती... अशा बिघाडावर रागवायचं तरी कसं?