कुठल्या फळाचा वास

काजूच्या दिवसांत धारगळला माझ्या माहेरच्या घरामागे शेजाऱ्यांची भट्टी पेटते. बोंडू, म्हणजे काजूची फळं, तुडवून आंबवलेला रस उकळतो आणि वाळत घातलेल्या कपड्यांनाही दोन महिने हुर्राकाचा, त्या पहिल्या धारेच्या दारूचा, वास लागतो. बाबांनी मधुमेह कळला त्या वर्षीच पिणं सोडलं. मी डिचोलीला राहते. दर रविवारी जाऊन त्यांचा औषधांचा डबा भरते आणि फ्रिजवर गोळ्या-इन्सुलिनचा आठवड्याचा तक्ता लावते.

त्या रविवारी ते दुपारीच आडवे होते. दोन दिवस जेवण नाही, उलट्या, आणि सारखं पाणी मागत होते. मी जवळ वाकले तर तोंडाला गोडसर, आंबल्यासारखा वास. आईलाही तो सकाळपासून येत होता, पण बोलायचं कसं म्हणून ती गप्प होती. भाऊ दारातूनच म्हणाला, "पहिल्या धारेचा मान यंदा आमच्या घरालाच मिळाला वाटतं."

बाबा डोळे न उघडता म्हणाले, "हांवें थेंब सुद्दां घेवंक ना गो."

"बाबा, वास लपत नाही," मी म्हटलं.

श्वास मात्र फार खोल चालला होता. म्हणून मी बाबांच्या डॉक्टरबाईंना फोन केला आणि लिहून काढलेली लक्षणं वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, श्वासाला फ्रूटी वास येतोय का? मी विचारलं, कुठल्या फळाचा?

"कुठल्याही. पिकलेल्या फळासारखा."

बोंडूचा येतोय, मी सांगितलं. पण तो बाबांनी घेतल्यामुळे. डॉक्टरबाईंनी मला पुढे बोलू दिलं नाही. शेवटचं इन्सुलिन कधी दिलं?

मी तक्ता पाहिला. दोन दिवसांचे रकाने रिकामे. वर माझ्याच अक्षरात होतं, 'जेवणाआधी इंजेक्शन'. जेवले नाहीत म्हणून आईनं दिलं नव्हतं. तिनं तक्ता अगदी काटेकोर पाळला होता.

दवाखान्यात त्यांना सलाईन आणि इन्सुलिन सुरू झालं. इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं आणि श्वासाला असा वास येतो, असं तिथे कळलं. जेवण नसलं तरी इन्सुलिन परस्पर बंद करायचं नाही, आधी फोन करायचा, हेही मी लिहून घेतलं. मग बाकावर बसून मोबाईलवर तो शब्द शोधला. फ्रूटी म्हणजे फळासारखा. तो ज्या फ्रूटवरून आला, त्याचं लॅटिन मूळ उपभोग घेणं, आनंद घेणं असं. आमच्याकडे असा सरसकट शब्द नाही. रसाळ फणसाचा वास वेगळा, मानकुराद आंब्याचा वेगळा, बोंडूचा वेगळा. प्रत्येक वासाला फळ हवं आणि ते फळ कुठून आलं हेही ठाऊक हवं. मला ते लगेच ठाऊक झालं होतं. एखाद्या परक्या माणसानं, ज्यानं कधी भट्टी पाहिली नाही, कदाचित आधी विचारलं असतं.

तिसऱ्या दिवशी बाबा उठून बसले, पेज प्यायले. मी म्हटलं, तुम्ही घेतली नव्हती, मला कळलं. त्यांनी पेजेची वाटी माझ्या हातात दिली.

"तुवें विचारूंकच ना गो," ते म्हणाले. "तुवेंच सांगलें."

खरंच विचारलं नव्हतं मी. त्यांनी न विचारता दिलेलं उत्तरही ऐकलं नव्हतं. मी वाटी विसळून आणली आणि त्यांच्या बाजूला, काही न लिहिता, बसून राहिले.