कोमट डब्यातली लस

मंडळी, मेंढ्यांच्या लसीसाठी मी याच ग्रुपवर तुमच्यापुढे हात पसरले होते, म्हणून आज घडलं ते तुम्हालाच सांगतो.

धोंडिबा मेंढपाळ दरसाल माझ्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो. यंदा त्याच्या पुढच्या वाटेवर रोग आलाय. "नगरच्या एका संस्थेचे लोक लस आणतायत, थांब," असं मीच त्याला म्हणालो. चारा संपला तरी तो तीन दिवस थांबला.

आज दुपारी नगरहून गाडी आली. आधी बॅनर बांधला, मग डबा उघडला. धोंडिबाच्या बायकोनं आत हात घातला. बर्फाविना लस वाया जाते, हे तिला पक्कं ठाऊक.

"बर्फ कुठंय? ही तर धारेच्या दुधावानी कोमट हाय."

"काही होत नाही मावशी. फोटोपुरती एक मेंढी धरा," संस्थेचा माणूस म्हणाला.

धोंडिबानं मेंढी धरली नाही. "बाबा, तुमच्या शब्दावर थांबलो हुतो," एवढंच मला म्हणाला आणि घोड्यावर बिऱ्हाड लादून निघाला. मेंढरं बिनलसीचीच गेली.

भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय. पण शब्द माझा होता.

नगरात सावेडीला त्यांचं ऑफिस; तिथपासून आमच्या गावापर्यंत रस्त्याला किती रसवंत्या आहेत. एकाही ठिकाणी गाडी थांबवून बर्फ घ्यावासा का वाटला नसेल, सांगा बरं?